ड्वेनची पाठ

न्यूयॉर्कच्या या उंच इमारतीत पर्यटक जातात त्या सर्वात वरच्या मजल्यावर आमच्या घरातलं कुणी कधी तिकीट काढून गेलं नव्हतं. बाबांनी तरुणपणी याच इमारतीच्या तुळया जोडल्या होत्या. त्यामुळे तिकीट खिडकीवरच त्यांनी सुनावलं, "इथे चढायचे मला पैसे मिळायचे. आता मीच द्यायचे होय?" खिडकीतली पोरगी हसली. माझा धाकटा भाऊ ड्वेन मात्र हसला नाही.

कारण मला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. कॅनडातल्या आमच्या काहनावाके गावचे मोहॉक आदिवासी पुरुष पिढ्यान् पिढ्या रविवारी गाडी हाणत न्यूयॉर्कला येतात, पाच दिवस उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांवर चढतात नि शुक्रवारी घरी परततात. ड्वेनला कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. गेल्या बुधवारी बत्तिसाव्या मजल्यावर त्याचे पाय गळाले. अर्धा तास तो तुळईला मिठी मारून बसला, आणि मग पाठ धरली असं सांगून घरी आला. आज रविवार, त्याला परत कामावर सोडायला बाबा नि मीही निघालो होतो. सकाळी आईने त्याला मक्याची उकडलेली भाकरी नि मांस वाढलं, शेजारपाजारचे येऊन त्याची पाठ थोपटून गेले, नि हा मान खाली घालून जेवला. उद्या कामावर जायचं नाही, हे बाबांना आजच सांगेन असं त्याने मला वचन दिलं होतं. पण सहा तासांच्या प्रवासात तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मला त्याचा रागही येत होता नि कीवही.

वर पोचल्यावर सगळे काचेकडे धावले. बाबा लिफ्टच्या दारापाशीच थांबले. एक गाईड लोकांना सांगत होता, "हे काम मोहॉक लोकांचं. त्यांना उंचीची भीतीच नसते. रक्तातच असतं त्यांच्या."

ड्वेन बाबांकडे वळला.

"बाबा, माझ्या रक्तात नाहीये ते," तो म्हणाला. "पाठीला काही झालेलं नाही. मी घाबरलो."

आता हे गरजणार, असं मला वाटलं. पण बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि बाजूचा कठडा त्यांनी घट्ट आवळून धरला होता.

"मी इथपर्यंतच येतो," ते हळूच म्हणाले. "काचेजवळ चला म्हणू नका."

"तुम्ही तर तीस वर्षं..." ड्वेन म्हणाला.

"तीस वर्षं रोज सकाळी ओकायचो मी. सोबतच्यांना वाटायचं, रात्रीची बिअर."

"मग बोलला का नाहीत कधी?" मी तडकून विचारलं.

"असल्या लोकांनी आपल्याला शूर म्हटलं, ते आपल्याला आवडलं. माझ्या बापालाही आवडलं होतं. पहिल्यांदा बोलायचं कुणी?"

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि लेस्टरला लावला. लेस्टर ड्वेनचा मुकादम, आमच्याच गावचा. त्याच्या कानावर घातलेलं तासाभरात गावभर होतं, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ड्वेन "नको, नको" म्हणत राहिला.

"लेस्टर, उद्या पोरगा येणार नाही," बाबा म्हणाले. "नाही, पाठ ठणठणीत आहे. घाबरतो तो वर."

पलीकडचं हसणं मलाही ऐकू आलं. बाबांनी ते संपू दिलं.

"हो," ते म्हणाले. "बापावर गेलाय."