कुठल्याही नावाला ओ देणारी चांदणी

मित्रांनो, मी एक जुनी चांदणी आहे. की-बोर्डवर आठाच्या डोक्यावर बसलेली असते ना, तीच. एका ओळीच्या सुरुवातीला मला बसवलं गेलं आणि गेली कितीतरी वर्षं मी तिथूनच लोकांना पत्ता सांगते आहे.

तुम्ही इंटरनेटवर एखादं नाव टाकता तेव्हा पान लगेच उघडतं असं तुम्हाला वाटतं. पण संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. म्हणून तुमचा संगणक आधी एका सर्व्हरला विचारतो, "अहो, हे नाव कुठे राहतं?" त्या सर्व्हरजवळ ओळी लिहिलेल्या असतात. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आकड्यांचा पत्ता. माझ्या ओळीत नावाच्या जागी मीच आहे. माझा अर्थ असा, की ज्या नावाची स्वतःची एकही ओळ नाही, त्याचा म्हणून हा पत्ता सांगा.

माझा जन्म झाला एका इस्पितळामुळे. तिथल्या मुलांच्या वॉर्डात लांबलेल्या आजारांची मुलं महिनोन्महिने राहत. त्यांना शिकवायला एक बाई येत. प्रत्येक मुलाचं स्वतःचं एक पान असावं, त्यावर त्याची चित्रं आणि आवाज असावा, लांब राहणाऱ्या घरच्यांना तो ऐकता यावा, असं बाईंच्या मनात आलं. इस्पितळाचे संगणक सांभाळणारी ताई तयार झाली. नावं मुलांनीच निवडायची असं ठरलं आणि तिथेच घोटाळा झाला. ताई प्रत्येक नावाची वेगळी ओळ लिहायची. एक मुलगा सकाळी 'वाघोबा' होता, नाश्त्यानंतर 'रॉकेट' झाला आणि इंजेक्शन घेतल्यावर म्हणाला, "मी आता 'कुणीच नाही' आहे."

"बाई, तुमची पोरं मला वेड लावणार," ताई वैतागून म्हणाली.

बाई फळा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, इथे त्यांच्या हातात दुसरं काय आहे? औषध आपण ठरवतो, झोप आपण ठरवतो. नाव तरी त्यांचं त्यांना ठरवू दे."

ताई खाली आपल्या खोलीत गेली, लिहिलेल्या सगळ्या ओळी पुसल्या आणि मला बसवलं. सगळी पानं एकाच सर्व्हरवर होती, त्यामुळे एकच पत्ता पुरे होता. त्या दिवसापासून मी 'वाघोबा'लाही ओ दिली, 'कुणीच नाही'लाही. एखादी आजी 'वागोबा' लिहायची; तिलाही मी त्याच दाराशी नेऊन सोडायची. माझं कौतुक कुणी केलं नाही, कारण मी आहे हे ताईखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. कामात जीव रमला होता.

त्या मुलांत एक मुलगी होती. पुढचे दोन दात मोठे, म्हणून तिने स्वतःचं नाव ठेवलं 'खारूताई'. तिचे आजोबा लांबच्या गावी शिवणकाम करत. आजीला अर्धांगवायू झालेला, तिची वाचा गेलेली. तिला एकटं टाकून आजोबांना येता येत नव्हतं. मग नात आणि आजोबा मिळून पानावर एक गोष्ट सांगत. थोडी तिने बोलून ठेवायची, थोडी त्यांनी. झाडाच्या शेंड्यावर अडकून बसलेल्या एका खारीची ती गोष्ट होती. उतरायची भीती वाटत होती तिला. आजोबांच्या आवाजामागे शिवणयंत्र खडखडत असे. 'खारूताई कुठे राहते?' हा प्रश्न दुपारी आला, की मला बरं वाटायचं.

पुढे ताईला दुसरीकडे नोकरी लागली. तिच्या जागी एक तरुण दादा आला. कामसू आणि समजूतदार.

खारूताईचं मोठं ऑपरेशन ठरलं. गोष्टीचा शेवट आजोबा सांगतील आणि तो ऐकूनच ती ऑपरेशनला जाईल, असा दोघांचा करार होता. आजोबांनी शेवट आदल्या सकाळीच पानावर ठेवला होता. ती म्हणाली, "आत्ता नाही. उद्या जाताना ऐकणार."

ऑपरेशनच्या सकाळी पान उघडलं नाही.

बाईंनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. इतर मुलांची पानं उघडत होती, एकटं हिचंच नाही. बाईंनी आजोबांना फोन लावला. आजोबा म्हणाले, "गोष्ट काय, मी पुन्हा सांगेन हो बाई. पण त्यात शेवटी तिची आजी बोललीय. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. आता परत बोलेल की नाही, मी कसं सांगू?"

खारूताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. सिस्टर हळूच म्हणाली, "चल ना राणी, डॉक्टर वाट बघतायत."

"शेवट ऐकल्याशिवाय नाही."

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. दादाने घाईघाईने ताईला फोन केला.

"त्या नावाखाली काल काही नवीन लिहिलंस का?" ताईने विचारलं.

"हो. वॉर्डाचं मासिक सुरू करतोय ना, ईमेलने पाठवायचं. मुलांनी हौसेने त्याचं नाव 'खारूताई' ठेवलं. नाव आपलंच आहे हे ईमेलवाल्यांना दाखवायला एक ओळ लागत होती, ती टाकली. नुसता मजकूर आहे, पत्ता नाही."

"तिथेच चांदणी गप्प झाली बघ."

"पण ताई, मी चांदणीला हातही लावला नाही!"

"नाही लावलास रे. पण आता त्या नावाला स्वतःची ओळ आहे. मग ती कसली का असेना, चांदणी मध्ये पडत नाही. तिचा नियमच आहे तो. त्या नावाचा पत्ताही आता वेगळा लिही."

दादाने लगेच पत्ता लिहिला. वरून बाई फोनवर म्हणाल्या, "अजून नाही उघडत."

"मघाचं 'नाही' तुमच्या संगणकाने लक्षात ठेवलंय. थांबा, मीच येतो." जिने चढून तो धापा टाकत आला आणि त्याने ती आठवण पुसली.

पान उघडलं. शिवणयंत्राचा आवाज आला, मग थांबला. आजोबा म्हणाले, "आणि मग खाली कोण उभं होतं माहितीये?" बराच वेळ काही नाही. नुसता श्वास. मग एक जड, घोगरा आवाज. "ये."

खारूताईने तो शब्द पुन्हा लावायला सांगितला. मग डोळे पुसले, सिस्टरचा हात धरला आणि म्हणाली, "चला." पान तिला मी दाखवलं नव्हतं. तिची स्वतःची ओळ आता तिला पुरेशी होती. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आनंद त्याहून मोठा होता.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने ती चालत घरी गेली.

आता मी म्हातारी झाले आहे. परवा वॉर्ड नव्या इमारतीत गेला. जुना सर्व्हर बंद करायचा ठरला. त्याचा पत्ता उद्या कुणा अनोळखी माणसाला मिळणार होता. दादा एकेक ओळ वाचत नवा पत्ता लिहीत होता. मोठ्या डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. माझी ओळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही कुणाची? हिच्यावर तर कुणाचंच नाव नाही. राहू दे की तशीच."

"नाव नाही म्हणूनच बदलायची राहून जाते बाई ही," दादा म्हणाला, "आणि सगळी पोरं हिच्याच भरवशावर येतात." त्याने माझा पत्ता बदलला आणि मनाला येईल ते एक नाव टाकून पान उघडतंय का, तेही पाहिलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणीतरी असेल, मुकाट्याने सगळ्यांना ओ देणारं. घर बदललंत, तर त्यालाही सांगा. नको असेल तर खुशाल पुसून टाका, मी रुसणार नाही. पण विसरू मात्र नका. कारण चुकीचा पत्ताही मी तितक्याच मायेने सांगते, आणि विचारणारं लेकरू माझ्यावर विश्वास ठेवून तिकडेच चालू लागतं.