साधी, पण फाटकी नको

पिशवीवरच्या चेहऱ्याला नेमकी ओठांवरच घडी पडली होती, त्यामुळे मुख्यमंत्री बाई अर्ध्याच हसत होत्या – उरलेलं हसू घडीच्या आत, तांदळाच्या बाजूला गेलं होतं – आणि रचना ओट्याशी उभी राहून ती घडी अंगठ्यानं सरळ करत होती. आपण काय करतोय हे लक्षात आलं तसा तिनं हात झटकन मागे घेतला. चष्मा, पांढरी साडी, खाली जाड अक्षरांत 'शिदोरी योजना'. मोहन्याच्या वस्तीत घराघरांत हा चेहरा होता आता. कुणी त्यात कांदे ठेवी, कुणी पोरांची पुस्तकं, आणि समोरच्या खोलीतल्या म्हातारीनं तर गळक्या पत्र्याखाली अंथरला होता.

फोन वाजला. धनेशचा. वॉर्डात शिदोरीच्या फुकट धान्याच्या पिशव्या धनेशच वाटायचा, म्हणून त्याला भाऊ म्हणायचं.

"ताई, निघालात ना? बस चौकात आलीय. आणि ते साडीचं सांगायचं राहिलं. साधी नेसा. साधी, पण फाटकी नको."

"बरं, धनेशभाऊ."

बरं म्हणाले मी. साधी, पण फाटकी नको... म्हणजे नेमकी किती गरिबी लागते यांना? पडद्यावर शोभेल इतकी. बघणाऱ्याला कळवळा यावा, पण लाज वाटू नये, इतकी. तिनं निळी साडी परत घडी करून ठेवली आणि राखाडी काढली, आणि रागाच्या भरात घातलेल्या निऱ्या दोनदा सुटल्या.

ठाण्याच्या सभागृहात आज बाई पडद्यावरून लाभार्थ्यांशी बोलणार होत्या. वस्तीतून रचनाला निवडलं होतं, कारण तिला नीट बोलता येतं. नीट बोलता येतं – अकरा वर्षं डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती, तिथं कुणी तिला बोलायला लावलं नव्हतं. तिथंच तिचा नवरा, रत्नदीप, भेटला, बॉयलरवरचा, घामानं निथळत डबा खाणारा, युनियनच्या सभेत शांतपणे उभा राहून सुपरवायझरला 'तुम्ही चुकताय साहेब' म्हणणारा. मग एका सोमवारी गेटला कुलूप. मंदी. सगळेच म्हणत मंदी आली, जणू ती कुणी केलेली नव्हती, वाट चुकून आली होती. त्या एका रांगेतले कितीतरी कारखाने बंद झाले, आणि तो सभेत उभा राहणारा माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

पहिली शिदोरी आली त्या दिवशी त्यानं ताटाला हात लावला नव्हता. "हक्काचं आहे ते," सासूबाई, जाईबाई म्हणाल्या होत्या. "कुणाच्या घरचं नाही. खा."

"हक्काच्या वस्तूवर कुणाचं तोंड छापतात का, आई?"

जाईबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो जेवला, न बोलता, आणि ते न जेवण्यापेक्षा वाईट होतं.

आज मात्र ती चपला घालत असताना तो उठून दारात आला.

"विचारशील?"

"काय?"

"एवढंच, की शिदोरी मिळाली, काम कधी मिळणार. कारखाने कधी उघडणार. भांडू नकोस. नुसतं विचार."

किती दिवसांनी त्यानं काही मागितलं होतं. तिनं मान हलवली. तो आत वळला नाही, दारातच उभा राहिला, आणि गल्लीच्या वळणावरून तिनं मागे पाहिलं तेव्हाही तो तिथंच होता.

बसमध्ये ती ते वाक्य घोळवत राहिली. शिदोरी मिळाली बाई, काम कधी... बाई नको, मॅडम. नको, बाईच. धनेश पुढून ओरडून सांगत होता – बसलेल्या सगळ्या बायकांना, पण बघत होता तिच्याकडेच – की एकाच्या तोंडून वेडंवाकडं गेलं तर अख्ख्या वॉर्डाचं वाटप मागे पडतं, मग माझ्याकडे यायचं नाही. खिडकीबाहेर कळव्याची खाडी गेली. मागे पडू दे, तिला वाटलं. मग समोरच्या खोलीतली म्हातारी आठवली आणि तसं वाटून घेणंही धड जमेना, आणि याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला, की यांनी रागावणंसुद्धा असं बांधून घातलंय, माझ्या रागाच्या गाठोड्यात दुसऱ्याचे तांदूळ भरून ठेवलेत.

सभागृहात सकाळपासून बसवून ठेवलं. मागच्या टेबलांवर जेवणाचे खोके रचलेले, वास येत होता. कार्यक्रम झाल्यावर, म्हणाले. ऋतिका नावाची मुलगी, कानात इअरफोन अडकवलेली, मंत्रालयातून आलेली, सगळ्यांकडून वाक्यं पाठ करून घेत होती.

"ताई, तुम्ही म्हणायचं, तुमच्यामुळे आमची चूल पेटते. म्हणा बरं?"

"तुमच्यामुळे आमची चूल पेटते."

"मस्त. फक्त थोडं हसून."

चूल. मोहन्यात कुणाकडे चूल आहे? गॅस आहे आमच्याकडे, पगारातून हप्ते फेडून घेतलेला फ्रीज आहे, बंद असला तरी. विचारणारच. आता तर विचारणारच. तिला भूक लागली होती, रत्नदीपचं वाक्य तोंडावर आलं होतं, आणि तिला मोकळं, जवळजवळ छान वाटत होतं.

पडदा उजळला. बाई पिशवीवरच्यापेक्षा थकलेल्या दिसत होत्या. आधीच्या दोघींशी बोलल्या. मग माइक तिच्या हातात आला, समोरचा कॅमेरा जवळ सरकला, आणि बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रचना ना तू? चेहरा उतरलाय गं. जेवलीस का?"

हे पाठांतरात नव्हतं. ऋतिकानंही दचकून वर पाहिलं. आणि रचनाला... किती दिवस ती इतरांचं जेवण बघत होती. रत्नदीप जेवला का, सासूबाईंनी अर्धीच भाकरी घेतली का. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डोळे भरून आले, खरेखुरे.

"हो," ती म्हणाली. "जेवले." आणि बाई वाट बघत होत्या, मायेनं, घाई न करता – जागा होती, त्या वाक्यासाठी पुरेशी जागा होती – आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, "तुमच्यामुळे आमची चूल पेटते, बाई."

टाळ्या.

"एकदम नॅचरल, ताई," ऋतिका तिचा हात दाबत म्हणाली.

बाहेर आल्यावर तिनंच फोन लावला. "बघितलंस?"

"हो," रत्नदीप म्हणाला. मागे टीव्ही चालू होता. "छान बोललीस."

"मी विचारलं नाही."

"असू दे."

"असू दे काय? चिडला नाहीस तू?"

"कशाला चिडू? आईला बरं वाटलं. रडली ती. ये सावकाश."

त्यानं ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं, भुकेचं, धनेशचं, म्हातारीचं. त्याच्या आवाजात साधी निराशाही नव्हती, तो नुसता परत भिंतीकडे वळला होता.

बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "खरंच विचारलं ना गं त्यांनी, जेवलीस का? किती माया."

रचनानं खिडकीकडे तोंड केलं. ती बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणून सकाळचा राग त्यावर ठेवून बघत होती – कुलूप, मंदी, साधी पण फाटकी नको – पण प्रत्येक वेळी तो थकलेला आवाज आधी येई, आणि आतून काहीतरी मऊ होऊन त्याच्याकडे सरके, जसं तान्हं पोर सरकतं. राग गेला नव्हता. होता तेवढाच होता, वाढलाच होता. फक्त तो कुणावर, हे तिला सकाळी माहीत होतं, आणि आता तिला स्वतःच्याच डोळ्यांतल्या पाण्यावर दात ओठ खावेसे वाटत होते, आणि त्या बाईंनी अजून एकदा, फक्त एकदा, तसंच नाव घेऊन काहीतरी विचारावं असंही वाटत होतं.