शिट्टीच्या आधीची बातमी

क्रीडा पत्रकारितेच्या वर्गात सर पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन वाक्यं लिहीत. सामना संपल्यावर जो लिहायला बसतो, त्याची बातमी थेट रद्दीत जाते, हे पहिलं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, तिथे जागा रिकामी सोडा, हे दुसरं. पहिलं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. दुसरं वहीत उतरवून पोरं मोकळी होत, कारण रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो, त्याला कोण काय करणार?

शिट्टी ही त्या पहिल्या वाक्याची लाडकी लेक. पंचांची शिट्टी वाजायला आणि हिची बातमी पोहोचायला एकच गाठ पडायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं. घरचं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. तिचे बाबा पेपर शेवटच्या पानापासून वाचत. त्यांच्या मांडीवर बसून पोरीने अक्षरं गिरवली ती धावफलकावरच. त्यामुळे ती या अभ्यासक्रमाला गेली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

आज शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना, लाल विरुद्ध निळा. एका मोठ्या वृत्तपत्राच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी सरांना शब्द दिला होता, "तुमच्या वर्गातल्या एकीची बातमी आम्ही थेट आमच्या संकेतस्थळावर लावू. नीट जमली तर सोमवारपासून तिची खुर्ची आमच्याकडे." सरांनी शिट्टीचं नाव पुढे केलं. आईने तर ती खुर्ची मिळाल्यातच जमा धरून शेजारीपाजारी सांगून टाकलं. "बाजारात तुरी," एवढंच बाबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

शिट्टी पूर्ण तयारीने आली होती. सरांच्या शिकवणीप्रमाणे दोन बातम्या लिहून तयार, एक लाल जिंकल्याची, एक हरल्याची. ही बया त्याच्याही पुढे गेली होती. दोन्ही मेलमध्येच लिहून ठेवल्या होत्या, वर काकांचा पत्ता घालून. शेवटी आकडे भरायचे आणि एक बटण दाबायचं.

विजयाच्या बातमीला तर तिने झकास सुरुवात दिली होती. सकाळी फाटकाशी तिला लाल संघाच्या कर्णधाराची आई भेटली होती. डोक्याला रुमाल बांधलेली, हसरी बाई. "माझी लेक जिंकली ना, की आधी माझ्याकडे येते," ती म्हणाली. "कठड्यावरून वाकून गळ्यात पडते. सगळी घामेजलेली असते मेली. कप नंतर!" शिट्टीने लगेच लिहिलं: 'अंतिम शिट्टी वाजताच कर्णधार धावत कठड्याशी आली आणि आईच्या गळ्यात पडली.' दर वेळी होतं, आजही होणारच. मग जागा कशाला रिकामी ठेवायची?

सामना संपत आला होता. लाल एक, निळा शून्य. पत्रकारांच्या कक्षात वायरींचा गुंता, थंड झालेला चहा आणि कळफलकांचा टकटकाट. शिट्टीने विजयाची बातमी उघडली, गोल करणारीचं नाव टाकलं आणि सेव्ह करायला बोट नेलं. त्याच क्षणी निळ्यांचा फटका गोलच्या खांबावर आदळला. अख्खा कक्ष 'ओ' करून उठला, तीही उठली. बसली तेव्हा बातमी पडद्यावर नव्हती.

तिने दोनदा शोधली. मग तिसऱ्यांदा, पाठवलेल्या मेलमध्ये. तिथे होती.

फोन थरथरला. 'मिळाली. लावली. शाब्बास. काका.'

मैदानावर सामना चालू होता आणि तिच्या नावाने तो जगजाहीर संपलेला होता. आत्ता काकांना फोन केला तर बातमी निघेल, पण तिच्यासोबत सोमवारही निघून जाईल. नाही केला आणि निळ्यांनी गोल मारला, तर वर्गाची, सरांची आणि तिची मिळून अब्रू जाईल.

"काय गं, पांढरीफटक पडलीस?" शेजारून सर म्हणाले.

"काही नाही सर. उकडतंय."

पत्रकाराने कुठल्याच संघाचं नसावं, असा तीन वर्षांचा धडा. शिट्टी त्या क्षणापासून लाल संघाची होऊन बसली, आणि तेही खेळाच्या प्रेमाने नव्हे. चेंडू बाहेर गेला की तिला बरं वाटे. गोलरक्षक रेंगाळली की तिचे आभार मानावेसे वाटत. निळ्यांना कॉर्नर मिळाला तेव्हा तिने टेबलाची कड अशी धरली की बोटं दुखली. चेंडू उंच आला. कर्णधार उडाली, तिने डोक्याने तो बाहेर घालवला आणि दुसऱ्या एका मुलीच्या गुडघ्यावर आदळून खाली कोसळली.

ती उठली नाही.

"वेळ काढतेय," मागून कुणीतरी हसलं.

पड गं बाई, शिट्टीच्या मनात आलं. पडून राहा. अजून थोडी पडून राहा.

कर्णधार पडून राहिली. पंचांनी हात हलवून डॉक्टरांना बोलावलं. मग स्ट्रेचर आलं आणि तिला उचलून आतल्या बोगद्यातून नेलं. शिट्टीचे डोळे घड्याळाला चिकटलेले होते. खेळ पुन्हा सुरू झाला, निळ्यांनी एक लांब फटका मारला, तो आकाशात गेला आणि पंचांनी शिट्टी वाजवली.

देव पावला! शिट्टी खुर्चीत मागे रेलली. एक-शून्य. अक्षर न् अक्षर खरं ठरलं. फोन वाजला, काकाच होते.

"पोरी, सगळ्यांच्या आधी आपली बातमी! सोमवारी ये."

"हो काका," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून तिने हसत खाली पाहिलं.

कक्षाच्या खिडकीखालीच, कठड्याशी ती रुमालवाली आई उभी होती. तिच्या शेजारची एक मुलगी फोनवरून मोठ्याने वाचत होती. "अहो मावशी, रडताय काय? ऐका ना. 'कर्णधार धावत कठड्याशी आली आणि आईच्या गळ्यात पडली.' पेपरात आलंय. म्हणजे बरी असणार ती!"

आई त्या मुलीकडे बघत राहिली. मग तिने समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, जणू लेक आली असेल आणि आपल्यालाच दिसली नसेल.

शिट्टीला स्वतःची शिसारी आली. ती मुलगी विव्हळत असेल तेव्हा आपण सेकंद मोजत होतो. आणि बरं वाटत होतं आपल्याला.

"काका," ती म्हणाली, "पहिलं वाक्य खोटं आहे. कर्णधाराला स्ट्रेचरवरून नेलंय. बातमी चुकून आधीच गेली, सामना संपायच्या आधी."

शेजारी सरांनी चष्मा काढला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"लाल हरला असता तर सांगणार होते."

"बातमी काढतोय," काका म्हणाले. "नवी पाठव. सोमवारचं राहू दे." फोन बंद झाला. शिट्टीने सरांकडे पाहिलं नाही. लॅपटॉप काखेत मारून ती जिन्याने खाली धावली.

बोगद्याच्या दारात रखवालदार आईला अडवून उभा होता. "ओळखपत्राशिवाय सोडता येत नाही बाई, माझी नोकरी जाईल." आईने शिट्टीला ओळखलं. "अगं, तू सकाळची ना? तुला सोडतील ते. जरा बघून ये, माझी पोर बोलतेय का."

आत जायचा हक्क शिट्टीला होता. आत गेली असती, तर आजची खरी बातमी तिच्या एकटीच्या हातात आली असती, आणि सोमवारही कदाचित परत मिळाला असता. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि आईच्या गळ्यात घातलं.

"पत्रकार आहेत या," ती रखवालदाराला म्हणाली.

रखवालदाराने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग आईचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाला. आईच्या मागे दार बंद झालं. शिट्टी बाहेरच्या पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि जेवढं पाहिलं होतं तेवढंच लिहीत गेली: कॉर्नर, ती उडी, तो गुडघा, स्ट्रेचर. लेक आईशी बोलली का, हे लिहायची वेळ आली, तेव्हा तिने तिथे जागा रिकामी सोडली आणि दाराकडे बघत बसली.