अदलाबदल

सहा महिने ती रोज कृषी कॉलेजच्या गोठ्यात राबली होती. एक विषय राहिला, अंगाच्या शेणाच्या वासाला कंटाळून रूममेटने खोली बदलली. पण तिची कालवड दोरी ढिली सोडली तरी पावलाला पाऊल लावून चालायला शिकली.

कॉलेजच्या पशुप्रदर्शनात जनावर हाताळायच्या स्पर्धेत तिच्या शेजारी उभा होता वर्गातला 'साहेब'. त्याची कालवड आजवर गोठ्यातल्या गड्यानेच सांभाळलेली. ऐनवेळी परीक्षक म्हणाले, "आता शेजाऱ्याशी जनावर बदला."

झालं! तिची कालवड साहेबामागून शहाण्यासारखी निघाली. त्याच्या कालवडीने मात्र हिला रिंगणभर फरफटवलं.

"जनावराला माया लावावी लागते, बाई," परीक्षक तिला म्हणाले. "त्याच्याकडून शीक." पहिला नंबर अर्थातच साहेबाचा.

त्याने हसत दोरी परत दिली. "काय गुणी आहे गं तुझी कालवड! नशीबवान आहेस."

तो गेला, तशी कालवड नेहमीसारखी तिचा हात चाटू लागली.

"फितूर मेली!" ती दातओठ खात म्हणाली. "एवढं शहाण्यासारखं वागायला तुला शिकवलं कुणी?"