तेवीस माणसं आणि एक गेंडा

सुजीत गोवंडेला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. शारजातल्या एका बांधकाम कंपनीत तो एस्टिमेशन मॅनेजर. इमारतीला सिमेंट किती लागेल हे तो समोरचा चहा निवायच्या आत सांगे. असा माणूस सफारीला जाऊन नुसता आनंद घेऊन परत येईल, हे होणं नव्हतं. दोन हजार आठच्या डिसेंबरात नॅशनल डे आणि बकरी ईदच्या सुट्ट्या जवळजवळ चिकटून आल्या, तेव्हा बायको आभा आणि बारा वर्षांची शुभ्रा यांना घेऊन तो केनियाला जाऊन आला. आल्या आल्या त्याने फोटोंची यादी एक्सेलमध्ये भरली. सिंह नऊ. चित्ते दोन. हत्ती चाळीस, पिल्लं धरून. मसाई तेवीस. गेंडा एक, तोही लांबून.

शुभ्राने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "बाबा, व्हाय आर द पीपल इन द ॲनिमल लिस्ट?"

"अगं, ती फोटोंची लिस्ट आहे. काय काय मिळालं त्याची."

पोरगी खांदे उडवून निघून गेली. मुलांनी असं काही विचारलं की आपण मोठी माणसं चष्मा पुसतो. सुजीतनेही पुसला.

जानेवारीअखेर मराठी मंडळात त्याचा स्लाइड शो ठरला होता, 'रानातले क्षण'. निमंत्रणपत्रिका छापून आली होती. तिच्यावर सिंह नव्हता, एक मसाई बाई होती. दारात बसून लेकराला आंघोळ घालणारी, केस ओले, खांद्यावरचं वस्त्र घसरलेलं आणि एक हात लेन्सच्या दिशेने उघडा धरलेला. सफारीचा ड्रायव्हर किमानी गाडीत दोनदा म्हणाला होता, "आधी विचारा, साहेब. खाली उतरून विचारा." पण सुजीतचं ठरलेलं होतं. "विचारलं की हे लोक पोझ देतात, यार. मग कॅन्डिड कुठे राहिलं?" साडेचार हजार दिरहमची लेन्स, म्हणजे आपले साठ हजार, ती काय खाली उतरून विचारायला घेतली होती?

शुक्रवारी सकाळी याकूबभाई मुकादम सुरमई घेऊन आले. ते मूळचे रत्नागिरीकडचे, सुजीतच्याच कंपनीत स्टोअरकीपर, आखातात सव्वीस वर्षं. आभा चहा टाकेपर्यंत त्यांनी पत्रिका उचलून नाकाशी धरली.

"हिनं हात का वर केलाय?"

"टाटा करतेय."

"गोवंडेसाहेब, टाटा असा असतो होय? माशी हाकलावी तसा हात आहे हा."

"याकूबभाई, तुम्ही स्टोअर सांभाळा. कॉम्पोझिशन माझ्यावर सोडा."

"सोडलं, बाबा. पण माझ्या स्टोअरातून सहीशिवाय एक स्क्रू बाहेर जात नाही. तुम्ही तर अख्खी बाई बिनसहीची उचललीत."

"हबीबी, आफ्रिकेतल्या एका खेड्यातली बाई! इथे तिला कोण ओळखतंय?"

"हां," याकूबभाई म्हणाले, "इथे कोण ओळखतंय." आणि चहा बशीत ओतला.

पुढच्या आठवड्यात मंदीने कंपनीच्या क्रेन्स जागच्या जागी थांबल्या. औद्योगिक क्षेत्रातल्या यार्डात चौतीस जणांना सकाळी दहाला बोलावलं. बारा वाजेपर्यंत कंपनीचा लॅपटॉप, मोबाइल, गेटचं कार्ड, गाडीची किल्ली, सगळं टेबलावर जमा. "खलास," एचआरचा माणूस म्हणाला, आणि पुढचं नाव पुकारलं. सुजीतच्या हातात खोका उरला. त्यात मग, शुभ्राचा फोटो आणि एक कॅल्क्युलेटर. घरी जायला गाडी नाही म्हणून सगळ्यांना मजुरांच्या बसमध्ये बसवलं. या बसच्या खेपा सुजीतने सात वर्षं कागदावर मांडल्या होत्या. खिडक्यांना लोखंडी गज असतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

सिग्नलला शेजारी एक पांढरी जीप येऊन उभी राहिली. काच खाली झाली आणि आतून लांबलचक लेन्स बाहेर आली. सुजीतने ती ओळखली. अगदी त्याच्याकडे होती तशीच! त्याने खोका मांडीवर घट्ट धरला आणि दुसरा हात वर केला. नको! टक् टक् टक्. सिग्नल हिरवा झाला, जीप निघून गेली.

आभाला त्याने त्याच दिवशी सांगितलं. पुण्यात आईला मात्र नाही. तिला बीपीचा त्रास, आणि सोसायटीत 'आमचा सुजीत मॅनेजर' हे तिचं रोजचं वाक्य. दुसरी नोकरी मिळाली की सांगू, असं दोघांनी ठरवलं.

चौथ्या दिवशी धाकट्या भावाचा, सिद्धांतचा फोन आला. "दादा, एका परदेशी वेबसाइटवर फोटो आलाय. बसमधला. तूच ना तो?"

सुजीतने लगेच विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

सिद्धांत अडखळला. "वाळवंटातून हाकललेला कळप."

"आईला सांगू नकोस."

"तिनेच मला दाखवला, दादा. शेजारच्यांनी प्रिंट काढून आणून दिला. ती सकाळपासून जेवली नाहीये. एवढंच विचारतेय, माझा मुलगा गजाआड का?"

सुजीतने फोन ठेवला आणि पुढचा तासभर तो घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरला. आभाने घाबरून याकूबभाईंना बोलावलं. ते आले, तर सुजीत त्यांच्यावरच ओरडला. "कळप! मी कळप? एमटेक झालोय मी! त्या हरामखोराने माझं नाव विचारलं? गाडीतून उतरला तरी का तो? मी हात वर केला होता, नको म्हणून! स्पष्ट दिसतोय फोटोत! आंधळा होता का तो?"

आभा दारात उभी होती. पत्रिका तिच्या हातात होती.

"टाटा करतोयस असं वाटलं असेल त्याला," ती म्हणाली.

सुजीत जागच्या जागी थांबला. आभाने पत्रिका टेबलावर ठेवली, शेजारी घरच्या लॅपटॉपवर तो फोटो. दोन चेहरे, दोन उघडे हात. एकीच्या मांडीवर लेकरू, एकाच्या मांडीवर खोका. सुजीतने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तो... तो प्रकार वेगळा होता," तो पुटपुटला.

आता याकूबभाई चिडले. सव्वीस वर्षांत कुणी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "कसला वेगळा? आमची अम्मा धक्क्यावर मासे सुकत घालायची. एकदा मुंबईचा कुणी गाडीतून फोटो काढून गेला. वर्षाने बापाला तो मुंबईत न्हाव्याच्या दुकानात दिसला, कॅलेंडरवर! अम्माची ओढणी पडलेली, आणि खाली बाया-बापे दाढी करून घेतायत... बाया नाही, बापेच! त्यानंतर अम्मा उजेडात धक्क्यावर गेली नाही. पहाटे जायची, अंधारात. काढणाऱ्यानं कॅलेंडर विकलं आणि विसरला. आमच्या घरात ते आजतागायत लटकतंय! तुमचा राग खरा आहे, साहेब. शंभर टक्के खरा. फक्त तो एकट्या जीपवाल्यावर काढू नका, अर्धा स्वतःसाठी ठेवा! जनावराला नको म्हणता येत नाही. माणूस म्हणतो. तो म्हणाला आणि तरी तुम्ही बटण दाबलंत, तर तुम्ही त्याला जनावराच्याच रांगेत बसवलंत!"

सुजीतने लॅपटॉप पुढे ओढून एक्सेल उघडलं आणि 'मसाई तेवीस' ही ओळ खोडली. शुभ्रा शेजारी येऊन उभी राहिली. आता ती मराठीत बोलली.

"मग तिथे काय लिहायचं, बाबा?"

"नावं."

"पण तुला त्यांची नावं कुठे माहीत आहेत?"

"नाही," सुजीत म्हणाला. "एकही नाही."

त्या रात्री त्याने आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "जेवून घे."

शुक्रवारी मंडळाचा हॉल भरला. शो रद्द करावा असं सुजीतला शंभरदा वाटलं होतं, तरी तो गेला. सिंह झाले, हत्ती झाले, गेंडा झाला. टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षा सुहासिनीताई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "आता ती पत्रिकेवरची बाई दाखवा ना!"

"ती दिसणार नाही," सुजीत म्हणाला, आणि पडद्यावर बसमधला फोटो आला. "हा दाखवतो. हा मी. नोकरी गेली त्या दिवशीचा."

"अहो, हे काय भलतंच!" सुहासिनीताई कुजबुजल्या.

"भलतंच आहे, ताई. मला न विचारता काढलाय. मी नको म्हणत होतो. जगभर फिरला आणि माझ्या आईच्या हातात जाऊन पडला. त्या बाईच्या आईच्या हातात काय पडलं असेल, हे मला ठाऊक नाही. उरलेल्या पत्रिका मी फाडल्या. तिचा फोटो पुसून टाकलाय. तिथला आमचा ड्रायव्हर किमानी, त्याच्याकडे माफीची चिठ्ठी पाठवलीय, ती तो तिला वाचून दाखवेल, आणि तिने मला शिव्या दिल्या तर त्या मला कळवेल."

हॉलमध्ये खालमानेने बसलेल्यांपैकी कितीजणांनी नोकरी गेल्याचं अजून आपल्या घरी सांगितलं नव्हतं, हे कुणी मोजलं नाही. सुजीतनेही नाही.

मंडळाचा फोटोग्राफर भिंतीशी उभा होता. सवयीने त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने तो खाली घेतला.

"गोवंडेसर, घेऊ का?"

सुजीतने डोळे पुसले. "आज नको."

"बरं," तो म्हणाला, आणि लेन्सवर झाकण बसवलं.

वाचकहो, दोन शब्दांचा प्रश्न आणि दोन शब्दांचं उत्तर, एवढाच हा सगळा मामला! पुढच्या सुट्टीत तुम्ही मसाईमाराला जा, कोकणात जा, नाहीतर आपल्याच गल्लीतल्या मजुरांच्या बसशेजारी सिग्नलला थांबा. काच खाली करताय ना? मग दारही उघडा, उतरा, नाव विचारा. आणि समोरून हात वर आला, तर तो टाटा आहे असं समजू नका.