वलीचा घास

डाव्या हातात काचेचा पेला, उजव्या हातात जपमाळ. माळेचा मणी काचेवर टणटण वाजला की शेख कनावींचा आवाज चढे आणि नबीच्या स्तुतीत अख्खं गाव डोलू लागे. चाळीस वर्षं हेच.

मग हात थरथरू लागला. पाऊल अडू लागलं, चेहरा लाकडासारखा झाला. मनही उजाड झालं. पहाटेच्या अजाननं आत काही हलेना. अस्यूत शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेख, तुमचं इमान उणं झालेलं नाही. मेंदूत एक रस पाझरतो. तोच हातपाय चालवतो, मनाला उभारी देतो. तुमचा आटत चाललाय. गोळीनं भरून निघेल, पण गोळीच्या मागंपुढं मांस नको. ते तिला वाटेतच अडवतं. आणि पाय रुतला, तर मनात ठेका धरा."

शेजारी भाचा शहाता होता, वीस वर्षं मामांच्या मागं बसून सूर धरणारा. "मामा, तुम्ही फक्त गा. ताटाचं मी बघतो."

बघितलंही त्यानं. उरुसात गाण्याआधी वलीच्या, म्हणजे दर्ग्यातल्या संताच्या, नावानं कापलेल्या बोकडाचं ताट गायकानं संपवायचंच. रक्ताच्या माणसानं त्याच्या वतीनं खाल्लं तरी चालतं. दोन वर्षं शहातानं खाल्लं.

यंदा तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर कनावींनी गोळी घेतली, तोच यजमान हाजी दियाब ताट घेऊन आले. कनावींनी भाच्याकडं पाहिलं.

"यंदा तुम्हीच घ्या की, मामा!" शहाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लोक म्हणतात, शेखांना आता वलीचा बोकड चाववत नाही."

मंडळी खो खो हसली. हाजींनी ताट पुढं सरकवलं. "बिस्मिल्लाह म्हणा, शेख!"

"आत्ताच गोळी घेतलीय रे," कनावी पुटपुटले.

"ठाऊक आहे," शहाता हळूच म्हणाला, आणि पहिला तुकडा त्यानंच मामांच्या तोंडाशी नेला.

नाही कसं म्हणणार? वलीचं होतं. ताट रिकामं झालं.

तासाभरानं मांडवात माळ ठेका सोडून काचेवर गारांसारखी तडतडली. पहिली ओळ घशातच राहिली. पाय जमिनीत रुजले. शहातानं अलगद पेला आणि माळ काढून घेतली. त्याच्या डोक्याला कोरा पांढरा फेटा होता, मुख्य गायक बांधतो तसा. सकाळपासून तो का बांधला होता, ते मामांना आत्ता उमगलं.

"केवढा मोठा माणूस!" कुणीतरी हळहळलं. "चेहऱ्यावर रागाची रेघ नाही."

रेघ उमटायला चेहऱ्यात बळ होतं कुठं? आत तर वणवा पेटला होता.

शहातानं ठेका धरला. टण, टण-टण. कनावींनीच त्याच्या बोटांत घातलेला. आणि त्यासरशी रुतलेलं पाऊल सुटलं. एक. मग दुसरं. चोराच्या हातातल्या आपल्याच ठेक्यावर पावलं टाकत शेख मांडवाबाहेर पडले.

"या अल्लाह," ते मनात म्हणाले, "त्याचा ठेका चुकू देऊ नकोस. माझ्या घराचं दार अजून लांब आहे."