शरणप्पाच्या दुकानातली कात्री

मी कात्री बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा मधला खिळा सैल झालाय आणि तोंड उघडलं की आधी करकर होते, मग शब्द येतात. आमच्या जातीला बोलायची सवय नाही. कापायचं आणि गप पडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

माझा जन्म उदगीरच्या एका लोहाराच्या भात्यापुढं झाला. कसा झाला ते आठवत नाही, आणि आपला जन्म कुणाला आठवतो म्हणा! माझी आठवण सुरू होते ती चाकूरच्या बाजारातल्या रेवणप्पाच्या कापडदुकानापासून. रेवणप्पा गेल्यावर त्याचा मुलगा शरणप्पा गादीवर बसला आणि मी त्याच्या उजव्या हाताशी पडून राहू लागले.

दुकानात बसून माणसं बघायला मिळायची. बायका खणाचा पोत अंगठ्यानं चोळून बघत, नाक मुरडत, सगळा बाजार पालथा घालून येत आणि तोच खण घेत. पुरुष एकच विचारत, "टिकंल ना?" शरणप्पा सगळ्यांना हो म्हणायचा आणि कापताना गिऱ्हाईकाच्या बाजूनं दोन बोटं जास्तच सोडायचा. असल्या माणसाचं दुकान कधी मोठं होत नाही. पण त्याच्या हातात मला बरं वाटायचं, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मला काय वाटलं ते फारसं सांगता यायचं नाही.

शरणप्पाची एकुलती एक बहीण शिवकांता. दोन कोसांवरच्या गावात मन्मथला दिलेली. तिची दोन लेकरं गेली होती. एक सव्वा महिन्याचं असताना गेलं, दुसरं दात यायच्या आत. तिसरा मुलगा झाला तेव्हा तिच्या सासूनं, दानम्मानं, त्याचं नाव धोंडप्पा ठेवलं. दगडाधोंड्याला कोण उचलून नेतंय, असा तिचा हिशेब. शिवाय तिनं वीरभद्राला नवस बोलला. लेकरू जगलं तर त्याचं जावळ देवाच्या दारात, मामाच्या मांडीवर काढू, आणि तोवर त्याच्या केसाला लोखंड लागू देणार नाही.

पोरगं जगलं. चार वर्षांचं झालं तेव्हा त्याची वेणी पाठीवर रुळत होती आणि नवी माणसं त्याला पोरगीच समजत. दर साली जावळाचं ठरायचं आणि दर साली काहीतरी आडवं यायचं. कधी शरणप्पाचा हंगाम, कधी घरात दुखणं. मग आला बहात्तरचा दुष्काळ.

त्या साली कापड कोण घेणार? लोक होतं ते विकून ज्वारी बघत होते, आणि ज्वारी नव्हती. सरकारची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तीसुद्धा रांगेत उभं राहून. शरणप्पानं दुकानाला कुलूप लावलं आणि मला फडक्यात गुंडाळून बहिणीकडं आणून दिलं. म्हणाला, हिला सांभाळ, पाऊस झाला की दुकान उघडीन, पण त्याआधी येऊन धोंडूला मांडीवर घेईन. भाच्याच्या वेणीला धरून त्यानं हळूच ओढलं, पोरगं हसलं, आणि तो गेला.

तो गेला दुष्काळी कामावर खडी फोडायला. खडी तर चाकूरजवळही फोडत होते. पण शरणप्पा पडला दुकानदार. ज्यांना खण फाडून दिले त्यांच्या शेजारी बसून हातोडा कसा मारायचा? या लाजेपायी तो पार भोकरकडं गेला, जिथं त्याला कुणी शेठ म्हणणार नव्हतं. गावातली बाकीची माणसं मेली नाहीत त्या दुष्काळात. मिळून राहिली, एकमेकांना पाणी देत राहिली. लाज धरणारा तेवढा एकटा पडला.

इकडं दानम्मानं मला फळीवर ठेवलं आणि माझ्या तोंडाला सुतळी गुंडाळली. रिकामी कात्री वाजली की घरात भांडणं लागतात, असं ती म्हणे. खरं कारण वेगळं होतं. खाली तिचा नातू खेळत होता आणि मी लोखंड होते.

उन्हाळ्यात लिंबाजी आला. चाकूरकडचाच मजूर, भोकरच्या कामावर योगायोगानं शरणप्पाच्या टोळीत पडलेला. त्यानं दारातूनच सांगितलं की शरणप्पाशेठला ऊन लागलं, दुपारी खाली बसला तो उठला नाही, तिथल्याच लिंगायतांनी नीट माती दिली. मग त्यानं एक गाठोडं पुढं केलं. आत एक धोतर आणि टोपी होती.

शिवकांतानं गाठोडं घेतलं. लिंबाजीला अर्धा गडवा पाणी दिलं, पूर्ण द्यायला घरात नव्हतं. मग खाली बसून मिलो निवडू लागली. शेजारच्या बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या, ती त्यांच्या खांद्यावरून सुपाकडं बघत राहिली. रड गं बाई, रडलीस की मोकळी होशील, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, "येईना मला रडू." दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली, तिसऱ्या दिवशीही पेटवली. गावानं ठरवलं, बाईचं काळीज दगडाचं आहे. मी लोखंडाची आहे, मला तसलं पडून राहणं ओळखीचं होतं. दुखत नाही, आणि बरंही वाटत नाही.

मन्मथ बैल घेऊन छावणीत होता. घरात दोघी बायका आणि पोरगं. अंगावर घ्यायला पाणी नाही तिथं वेणी कोण धुणार? धोंडूच्या डोक्यात उवा झाल्या, उवांनी खाज सुटली, खाजवल्याची गळवं झाली. केसांखाली पू साचला आणि पोराला ताप भरला. मिलोच्या केंद्रावर एक कंपाउंडर यायचा, त्यानं वेणी उचलून बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. केस काढा, औषध आतपर्यंत गेलंच पाहिजे, नाहीतर पोरगं हाती लागायचं नाही, असं तो बोलला.

दानम्मा केसाला हात लावू देईना. आधी ताप उतरू दे, मग शरणप्पाच्या जागी चुलतमामाला बोलावून देवळात नेऊ, एवढंच ती धरून बसली. तिला वाईट म्हणू नका. दोन नातवंडांना तिनं आपल्या हातांनी मातीआड केलं होतं, आणि तिसरं राहिलं ते आपल्या नवसानं राहिलं अशी तिची खात्री होती. पण ताप काही उतरेना. आणि चुलतमामा पोट भरायला हैदराबादेत गेलेला. पोरगं तर आता डोळेही नीट उघडत नव्हतं.

एका दुपारी दानम्मा घागर घेऊन विहिरीवर गेली. शिवकांता उठली, फळीवरून मला काढलं आणि दातानं सुतळी तोडली. पोराच्या डोक्याला करडईचं तेल लावून तिनं केस मऊ केले. मग गाठोडं सोडलं. भावाचं धोतर काढलं, घडी करून आपल्या मांडीवर पसरलं आणि धोंडूला त्यावर निजवलं. मामा नव्हता, तर तिनं मामाची मांडी अशी केली.

मी आयुष्यभर मांजरपाट कापलं, खण कापले. लेकराचे केस कधी कापले नव्हते. पहिला घास घेतला तेव्हा शिवकांताचा हात हलला नाही. ती कापड कापावं तशी सरळ कापत गेली. पोरगं कण्हलं, तिनं हूं हूं केलं आणि पुढं कापलं. अर्धं डोकं मोकळं झालं आणि दारात सावली पडली.

दानम्मा रिकामी घागर घेऊन उभी होती. वेणी जमिनीवर पडलेली तिला दिसली. मला वाटलं, आता ही ओरडेल, मला हिसकावून फेकेल. ती ओरडली नाही.

"कशाला केलीस गं हे?"

"न्हाई केलं तर हे बी जाईल, आत्याबाई."

"आन केल्यानं गेलं तर?"

 मी शिवकांताच्या बोटांत तशीच उघडी राहिले. मग दानम्माची नजर धोतरावर गेली आणि ते कुणाचं म्हणून तिनं विचारलं.

"शरणूचं हाय. मामाच्या मांडीवर घेतलंय त्याला."

दानम्मानं घागर भिंतीला टेकवली आणि खाली बसली. नातवाचा पाय हातात धरला. मग सरकून पुढं आली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "आता अर्धं सोडू नको. पुरं कर."

पुरं झालं. गळवं उघडी पडली, ती बघवत नव्हती. दोघींनी मिळून कंपाउंडरचं औषध लावलं आणि पोराला पडवीत सावलीला निजवलं. शिवकांता मला पुसून पुन्हा फळीवर ठेवणार, तेवढ्यात दानम्मानं तिला थांबवलं. डोक्यावरचा पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि सुनेपुढं पाठ करून बसली. पांढरे, विरळ, कमरेपर्यंत केस होते म्हातारीचे.

"घे," ती म्हणाली. "नवस म्या बोलले हुते. मोडला तर त्याचं पाप लेकरावर कशाला? देवाला केसच पाहिजेत तर माझे घिऊ दे."

शिवकांतानं हात मागं घेतला. आपल्यात बायांचे केस काढत नाहीत, लोक काय म्हणतील, असं काहीतरी ती पुटपुटली.

"लोकायला काय. दोन दिस हसतील. तू काप."

पहिली बट कापली गेली. दुसरी कापताना मी अडखळले. मला वाटलं माझ्या धारेलाच काही झालं. तिसऱ्या बटेला तिनं मला खाली टाकलं, सासूच्या पाठीला कपाळ टेकलं आणि "शरणू, शरणू रे" म्हणून रडायला लागली. इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. दानम्मा वळली नाही. हात मागं नेऊन सुनेचं डोकं थोपटत राहिली आणि रडणं ओसरल्यावर म्हणाली, "आता उरलेलं काढ."

दानम्मानं दोघांचे केस एका फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी वीरभद्राला जाऊन आली. धोंडूचा ताप उतरला. नवसानं उतरला की औषधानं, ते मला विचारू नका.

लोक मात्र दोन दिवसांत थांबले नाहीत. गावानं म्हातारीचं नाव बोडकी दानम्मा पाडलं. तिचे केस पुन्हा आले, पण अंबाड्याइतके कधी झाले नाहीत. कुणी विचारलं तर उवा झाल्या हुत्या म्हणायची आणि पदर पुढं ओढायची. शिवकांताला तिनं शपथ घातली होती की पोराला हे कळता कामा नये. आपल्यापायी कुणाचं काही गेलं असं लेकराला वाटू नये, एवढंच तिचं म्हणणं. शरणप्पाचं दुकान पुन्हा उघडलं नाही आणि मी त्याच घरात राहिले.

पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. कचेरीच्या कामाला उस्मानाबादची दूरची फेरी वाचली म्हणून गावात पेढे वाटले. दानम्मा खाटेवर होती. तिनं पेढा हातात घेऊन विचारलं, "जिल्हा आला, पाणी आलं का?" त्याच महिन्यात ती गेली.

धोंडू लातूरला बोर्डिंगात शिकत होता, तो धावत आला. माती देऊन माणसं अंगणात टेकली होती. भिंतीपलीकडं कुणी बाई दुसरीला सांगत होती की बोडकी दानम्मा गेली. धोंडूनं आईला विचारलं, आजीला असं का म्हणतेत? शिवकांतानं शपथ आजवर पाळली होती. आता ती सगळं बोलली. तो ऐकून उठला, आत गेला, फळीवरून मला घेऊन आला आणि आईपुढं मान खाली घालून बसला.

भावकीतले आप्पासाहेब पुढं आले. म्हणाले, "बाळा, आपल्यात माती दिल्यावर केस काढायची रीत न्हाई."

"आजीनं काढले तवा कुठं रीत हुती, काका?"

आप्पासाहेब मागं सरकले. शिवकांतानं मला उघडलं. माझी धार तेव्हाच गेली होती, दोनदोनदा चावावं लागत होतं, पण पोरानं मान हलवली नाही.

त्यानंतर मी काही कापलं नाही. आता गंज चढलाय. भंगारात घालायचं असलं तर घाला, मला काही वाटणार नाही. मागणं एकच आहे. एखाद्या म्हातारीचं बोडकं डोकं दिसलं तर हसायच्या आधी जवळ जा आणि विचारा, कुणासाठी काढले, आज्जी?